अपवेलिंगच्या समुद्रात झूप्लँक्टनला किती एनर्जी लागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपवेलिंग म्हणजे नेमकं काय होतं?

किनाऱ्याला समांतर वारा बरेच दिवस एकाच दिशेने वाहत राहिला की वरचं पाणी सरळ वाऱ्याच्या दिशेने जात नाही, पृथ्वी फिरते त्यामुळे ते वळतं, उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिणेत डावीकडे, आणि किनाऱ्याची दिशा जुळली तर हे पाणी थेट खोल समुद्राकडे ढकललं जातं. मग ती जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं, आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, म्हणजे समुद्रातल्या वनस्पतींची खतं, भरपूर असतात. याचं गणित स्वीडनच्या एकमन या समुद्रशास्त्रज्ञाने १९०५ साली मांडलं. वर येण्याचा वेग फार नसतो, दिवसाला काही मीटर ते दहा-वीस मीटर, पण तेवढ्यावर अख्खी अन्नसाखळी चालते.

मोठ्या सिस्टिम चार आहेत. कॅलिफोर्निया, पेरू-चिलीचा हम्बोल्ट, वायव्य आफ्रिकेचा कॅनरी आणि नैऋत्य आफ्रिकेचा बेंगेला. शिवाय सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला नैऋत्य मान्सूनमध्ये होणारं सीझनल अपवेलिंग आहेच. या चार मिळून समुद्राचा जेमतेम एक-दोन टक्के भाग असेल पण जगातल्या समुद्री मासेमारीचा साधारण पाचवा हिस्सा इथून येतो.

झूप्लँक्टनमध्ये कोण कोण येतं?

पाण्याच्या प्रवाहाला तोंड देऊ न शकणारे सगळे प्राणी. एका पेशीचे सिलिएट्स, तांदळाच्या दाण्यापेक्षा छोटे, कवच असलेले कोपेपॉड, दोन-तीन सेंटीमीटरचे कोळंबीसारखे क्रिल, माशांची आणि खेकड्यांची अगदी लहान पिल्लं, पिंपाच्या आकाराचे पारदर्शक सॅल्प, जेलीफिश. खाली मी बहुतेक वेळा कोपेपॉड आणि क्रिलबद्दल बोलतोय, कारण अपवेलिंगच्या समुद्रात माशांपर्यंत एनर्जी पोचवायचं मोठं काम हे दोघं करतात.

एका कोपेपॉडला दिवसाला किती एनर्जी लागते, आकड्यात सांगा ना?

सांगतो. नुसतं जिवंत राहायचं बिल बहुतेक करून दोन गोष्टींवर ठरतं, शरीराचं वजन आणि पाण्याचं तापमान. इकेडा या जपानी संशोधकाने १९८५ मध्ये वेगवेगळ्या समुद्रातल्या झूप्लँक्टनचे श्वसनाचे आकडे एकत्र करून समीकरण दिलं आणि त्यात दिसलं की या दोनच गोष्टी घेतल्या तरी प्राण्याप्राण्यातला बहुतेक फरक समजतो.

त्यात आकडे टाकून बघा. ०.१ मिलिग्रॅम कोरड्या वजनाचा कोपेपॉड, पाणी १२ अंश सेल्सियस, तर दिवसाला साधारण ५.५ मायक्रोलिटर ऑक्सिजन लागतो. कार्बनमध्ये सांगायचं तर जवळपास ३ मायक्रोग्रॅम, आणि याच्या अख्ख्या शरीरात कार्बन असतो ४०-४५ मायक्रोग्रॅम, म्हणजे रोज स्वतःच्या ६-७ टक्के कार्बन तो फक्त श्वास घेण्यात जाळतो. ज्यूलमध्ये म्हणाल तर ०.११ ज्यूल, एका कॅलरीच्या चाळीसाव्या भागाच्या आसपास. आकडा बघून वाटतं की हे काहीच नाही, पण शरीराच्या मानाने बघा, दोन आठवडे काहीच खाल्लं नाही आणि श्वसनही कमी केलं नाही तर शरीरातला बराच मोठा भाग गेलेला असेल.

आता १० मिलिग्रॅम कोरड्या वजनाचा क्रिल घ्या, तेच तापमान. त्याला दिवसाला साधारण १०० मायक्रोग्रॅम कार्बन लागतो, एकूण गरज कितीतरी जास्त, पण शरीराच्या मानाने फक्त अडीच टक्के. वजन वाढतं तशी गरज त्याच प्रमाणात वाढत नाही, थोडी कमी वाढते, म्हणून मोठा प्राणी उपास जास्त दिवस काढू शकतो. हा एक मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

म्हणजे रोज शरीराच्या ६-७ टक्के खाल्लं की झालं?

नाही, कारण खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. साधारण ६० ते ८० टक्के पचतं, बाकीचं विष्ठेच्या गोळ्यांमधून बाहेर जातं. म्हणजे ३ मायक्रोग्रॅम श्वसनाला हवे असतील तर निदान ४ मायक्रोग्रॅमच्या वर खायला लागतं, शरीराच्या १० टक्के, आणि हे फक्त आहे तिथे टिकून राहायला.

वाढायचं असेल किंवा अंडी घालायची असतील तर गणित एकदम बदलतं. खाल्लेल्यापैकी शरीर किंवा अंडी बनण्यात साधारण २० ते ३० टक्केच जातं. मादीला रोज स्वतःच्या १० टक्के कार्बनची अंडी घालायची असतील तर तिला रोज शरीराच्या ३५-४० टक्के खायला लागणार, आणि पोटभर खाणाऱ्या प्राण्याचं श्वसनही उपाशी प्राण्यापेक्षा जास्त असतं, कारण अन्न पकडणं, पचवणं, प्रोटीन बनवणं या सगळ्याला एनर्जी लागते. "एनर्जीची गरज" असा एकच आकडा कुणी दिला तर आधी विचारा की टिकून राहायची गरज की वाढायची, दोन्हीत तीन-चार पटीचा फरक पडतो.

अपवेलिंगच्या भागात अन्न तर भरपूर असतं, मग झूप्लँक्टन उपाशी कसे राहतील?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा पण हाच आहे. वर्षभराची सरासरी काढली तर अन्न भरपूर दिसतं, पण कोपेपॉड सरासरीवर जगत नाही.

होतं काय की वारा सलग नसतो. काही दिवस जोरात वाहतो, मग पडतो, मग परत सुरू होतो, साधारण तीन ते दहा दिवसांच्या अशा लाटा असतात. वारा जोरात असतो तेव्हा वर आलेलं पाणी थंड असतं, खतं भरपूर असतात पण वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, जवळजवळ नसतातच, कारण ते पाणी नुकतंच अंधारातून आलंय. वारा पडला, ऊन मिळालं, की डायटम (काचेसारख्या कवचाचे एकपेशीय वनस्पतीप्लवक) दिवसाला एकदा किंवा त्याहून वेगाने दुप्पट होतात आणि काही दिवसात पाणी हिरवं-तपकिरी होतं, यालाच ब्लूम म्हणतात. मग खतं संपतात, डायटम खाली बुडायला लागतात, आणि दरम्यान हे अख्खं पाणी किनाऱ्यापासून लांब सरकत गेलेलं असतं. कोपेपॉडला मात्र अंड्यापासून मोठं व्हायला दोन-तीन आठवडे ते महिना-दीड महिना लागतो, तापमानावर आहे. म्हणजे अन्न काही दिवसांचं आणि आयुष्य काही आठवड्यांचं, आणि या दोन घड्याळांचा मेळ आपोआप बसत नाही.

श्वसन हे घरभाड्यासारखं आहे, पगार आला नाही म्हणून मालक थांबत नाही. म्हणून इथे झूप्लँक्टनच्या एनर्जीचा खरा प्रश्न एकूण किती अन्न आहे यापेक्षा दोन ब्लूममधला गॅप किती दिवसांचा आहे आणि तो कशाच्या जोरावर काढायचा, हा असतो.

तो गॅप मग काढतात कसा?

प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे आणि मला हा भाग फार आवडतो.

अकार्शियासारखे छोटे कोपेपॉड साठवणच करत नाहीत. मिळालं की खायचं आणि लगेच अंडी घालायची. अन्न बंद झालं की एक-दोन दिवसात अंड्यांची संख्या पडते आणि थोड्याच दिवसात मादी मरू शकते. यांचा भरवसा वेगावर असतो, पुढची पिढी पटकन.

कॅलानससारखे मोठे कोपेपॉड चरबी साठवतात, मुख्यतः मेणासारख्या एस्टरच्या (चरबीचाच एक प्रकार) रूपात, अंगात एक लांबट तेलाची पिशवी असते आणि मायक्रोस्कोपखाली ती इतकी स्वच्छ दिसते की प्राणी किती भरलेला आहे ते नुसतं बघून कळतं. चरबीत ग्रॅममागे साधारण ३९ किलोज्यूल असतात, कर्बोदकात १७ च्या आसपास, म्हणून कमी जागेत साठवायला चरबीच परवडते.

त्याहून पुढे गेलेला आहे कॅलानॉयडिस, बेंगेलामध्ये आणि सोमालिया-ओमानच्या बाजूला सापडतो. अपवेलिंग चालू असताना वर येऊन खातो, पिढ्या काढतो, आणि सीझन संपला की प्रौढ होण्याच्या आधीच्या पाचव्या अवस्थेतली पिल्लं चरबी भरून चारशे-पाचशे मीटरच्या खाली जाऊन थांबतात. तिथे पाणी थंड, हालचाल जवळपास नाही, खाणं बंद, चयापचय अगदी खालच्या पातळीवर. अरबी समुद्रात तर हे थांबणं ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या पाण्यात होतं, जिथे शिकारी मासेही कमी असतात. पुढचा नैऋत्य मान्सून आला की परत वर.

क्रिलची पद्धत अजून वेगळी. त्यांच्याकडे चरबी असते पण त्याशिवाय ते चक्क लहान होतात, कात टाकताना पुढचं कवच आधीपेक्षा छोटं बनवतात आणि शरीरातलंच प्रोटीन जाळतात. अंटार्क्टिकच्या क्रिलवर १९८२ साली छापून आलेल्या प्रयोगात असे उपाशी क्रिल २११ दिवस जगले होते. ते काही अपवेलिंगचं पाणी नाही आणि तिथे थंडी पण फार, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉनजवळच्या युफॉशिया पॅसिफिका या क्रिलमध्येही कात टाकताना लांबी कमी होताना मोजली गेली आहे.

रोज रात्री वर आणि दिवसा खाली, एवढ्या पोहण्यात एनर्जी संपत नाही का?

वाटतं तितकी नाही. दिवसा खाली जाण्याचं मुख्य कारण उजेडात दिसून खाल्ले जाऊ नये हे आहे, पण एनर्जीच्या बाजूनेही त्यात फायदा निघतो. तापमान १० अंशाने वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं असं धरा, वर १६ अंश आणि खाली ८ अंश, तर खाली असताना त्याच प्राण्याचा खर्च चाळीस टक्क्यांच्या वर कमी होतो. दिवसाचे बारा तास असे काढले तर बचत चांगलीच होते, फक्त खाली अन्न नसतं, म्हणून रात्री वर येऊन पोट भरणं जमलं पाहिजे, नाहीतर बचतीचा उपयोग नाही.

दुसरा फायदा फक्त अपवेलिंगच्याच भागात लागू होतो. वरचा पातळ थर समुद्राकडे सरकतो आणि खालचं पाणी किनाऱ्याकडे येतं. जो प्राणी चोवीस तास वर राहील तो वाहत वाहत अन्नापासून लांब जाईल, आणि जो काही वेळ खाली घालवतो तो फुकटात परत किनाऱ्याकडे आणला जातो. आडवं पोहत जाणं इतक्या छोट्या जिवाला शक्यच नाही, वर-खाली जाणं शक्य आहे, आणि तेवढ्यावर तो आपली जागा राखतो.

पण खाली तर ऑक्सिजन कमी असतो ना?

हो, पेरू-चिलीच्या बाजूला तर काही दहा मीटरवरच ऑक्सिजन जवळपास संपतो. वरून बुडालेलं सगळं खाली सडतं आणि बॅक्टेरिया ऑक्सिजन वापरून टाकतात, म्हणजे जास्त अन्न आणि कमी ऑक्सिजन ही एकाच प्रक्रियेची दोन टोकं आहेत. तरी युफॉशिया म्युक्रोनाटा हा हम्बोल्टचा क्रिल रोज त्या थरात उतरतो. अशा पाण्यात उतरणाऱ्या क्रिलमध्ये चयापचय साधारण निम्म्यावर आणता येतो असं मोजलं गेलंय. सगळ्यांना हे जमत नाही, ज्यांना जमत नाही ते वरच्या पातळ थरात दाटीने अडकतात आणि तिथे मासे त्यांना सहज गाठतात.

डायटम हेच सगळ्यात चांगलं अन्न का?

शाळेच्या पुस्तकात डायटम, मग कोपेपॉड, मग मासा अशी सरळ साखळी असते. प्रत्यक्षात गुंता आहे. डायटममध्ये इपीए नावाचं गरजेचं फॅटी ॲसिड भरपूर असतं, डीएचए हे दुसरं फॅटी ॲसिड त्या मानाने कमी, ते डायनोफ्लॅजेलेट्स या दुसऱ्या एकपेशीय प्लवकांमध्ये जास्त मिळतं, म्हणून नुसत्या एका प्रकारावर वाढलेले कोपेपॉड बऱ्याचदा मागे पडतात. काही डायटम पेशी फुटल्यावर अल्डिहाइड नावाची रसायनं तयार करतात आणि मादीने असे डायटम खाल्ले तर अंडी घातली जातात पण नीट उबत नाहीत, यावर १९९९ पासून खूप वाद झालाय. माझं मत असं की समुद्रात मिश्र खाणं असल्याने प्रयोगशाळेइतका वाईट परिणाम नेहमी दिसत नाही, पण ब्लूम एकाच जातीचा असेल तर ही शक्यता बाजूला टाकू नये.

शिवाय वनस्पतीप्लवकांच्या रोजच्या उत्पादनातला जवळपास ६० टक्के भाग सिलिएट्ससारखे एकपेशीय खाऊन टाकतात. कोपेपॉडला ते सिलिएट्स आवडतात, पौष्टिक असतात, पण मध्ये एक पायरी वाढली आणि प्रत्येक पायरीला मोठा भाग श्वसनात जातो.

जोराचा वारा झूप्लँक्टनला चांगला की वाईट?

मध्यम असेल तर चांगला. वारा कमी तर खतं वर येत नाहीत, फार जास्त तर पाणी खोलवर ढवळलं जातं, अन्न विरळ होतं आणि सगळं समुद्राकडे वाहून जातं. थोड्या ढवळण्याने प्राणी आणि अन्नाची गाठ जास्त वेळा पडते. क्युरी आणि रॉय या संशोधकांनी १९८९ मध्ये सार्डिन-अँकोव्हीच्या पिल्लांसाठी सेकंदाला ५-६ मीटरचा वारा सर्वात चांगला असं दाखवलं.

माशाला काय फरक पडतो, कोपेपॉड कुठलाही असला तरी?

फार फरक पडतो. ओरेगॉनमध्ये न्यूपोर्टच्या समोर अनेक वर्षं नियमित नमुने घेतले जातात, बिल पीटरसन यांनी ते काम लावून धरलं होतं. तिथे थंड वर्षात उत्तरेकडून येणारे मोठे, चरबीदार कोपेपॉड असतात आणि गरम वर्षात दक्षिणेकडचे किंवा खोल समुद्रातले छोटे, कमी चरबीचे. जाळ्यातली संख्या कधी कधी सारखीच दिसते, जातींची संख्या तर गरम वर्षात वाढते सुद्धा, पण प्रत्येक घासामागे एनर्जी कमी. सामन माशांची पिल्लं समुद्रात किती जगतील याचा अंदाज बांधताना हा चरबीदार कोपेपॉडचा आकडा वापरला जातो.

२०१४ ते २०१६ च्या गरम पाण्याच्या काळात, ज्याला ब्लॉब म्हणतात, हे अगदी क्रूरपणे दिसलं. २०१४-१५ च्या हिवाळ्यात कॅसिन्स ऑकलेट नावाचे छोटे समुद्रपक्षी हजारोंनी उपाशी मरून किनाऱ्याला लागले. खायला प्राणी होते पण चरबीचे नव्हते.

पेरूच्या अँकोव्हेटा या छोट्या माशाबद्दलही असंच. आधी मानायचे की तो मुख्यतः वनस्पतीप्लवकांवर जगतो, कारण पोटात संख्येने तेच जास्त दिसायचे. कार्बनमध्ये मोजलं तेव्हा कळलं की क्रिलचा वाटा ६७.५ टक्के आणि कोपेपॉडचा २६.३ टक्के. मोजणी संख्येत करायची की कार्बनमध्ये, यावर उत्तर पूर्ण उलटं होऊ शकतं.

आणि जेलीफिश, सॅल्प?

यांच्या अंगात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आकार मोठा पण कार्बन कमी, म्हणून कमी अन्नात मोठं शरीर बनवता येतं आणि मोठ्या शरीराने जास्त पाणी गाळता येतं. खाणाऱ्याला मात्र पोट भरून एनर्जी थोडीच मिळते. नामिबियाच्या समोर सार्डिनची बेसुमार मासेमारी झाल्यानंतर जेलीफिश वाढले, २००६ मध्ये आलेल्या मोजणीत त्यांचं वजन १ कोटी २२ लाख टन आणि माशांचं ३६ लाख टन निघालं.

हे सगळं मोजतात कसं?

प्राणी बंद बाटलीत ठेवून ऑक्सिजन किती घटला ते बघणं ही सर्वात जुनी पद्धत. पूर्वी विंकलरचं टायट्रेशन, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजणं, करायचे, आता ऑप्टिकल सेन्सर असतात. यात अडचण ही की जाळ्यातून काढलेला, दाटीत कोंडलेला प्राणी शांत नसतो. दुसरी पद्धत म्हणजे पेशीतल्या श्वसनाच्या एन्झाइमची क्षमता मोजणं, त्याला बाटली लागत नाही, प्राणी लगेच गोठवता येतो, पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष खर्च नव्हे. खाणं मोजायला पोटातल्या क्लोरोफिलची चमक बघतात, त्यात सिलिएट्स खाल्लेले दिसतच नाहीत.

मला अंडी मोजणं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. मादीला चोवीस तास स्वच्छ पाण्यात ठेवा आणि अंडी मोजा, गेल्या एक-दोन दिवसात समुद्रात तिला काय मिळालं ते त्यात येतं. चरबीवर अंडी घालणाऱ्या जातींना मात्र हे नीट लागू होत नाही.

एल निनो आला की काय होतं?

एल निनो म्हणजे पॅसिफिकचं पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा गरम होणं. पेरूच्या किनाऱ्याला वारा बंद पडतोच असं नाही, पण खतांचा थर इतका खोल जातो की वारा जे पाणी वर आणतो ते गरम आणि बिनखताचं असतं. मग दोन बाजूंनी मार बसतो, गरम पाण्याने श्वसन वाढतं आणि त्याच वेळी अन्न घटतं. १९७२-७३ मध्ये पेरूची अँकोव्हेटा मासेमारी कोसळली त्यात आधीच्या बेसुमार मासेमारीसोबत एल निनोचाही हात होता. आणि एल निनोशिवायही असं होतं, २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात अपवेलिंगचे वारे उशिरा आले, क्रिल वेळेवर वाढले नाहीत आणि फॅरलॉन बेटांवर ऑकलेट पक्ष्यांची वीण फसली. वारे नंतर जोरात आले होते, उपयोग झाला नाही.

समुद्र तापतोय, पण वारे वाढले तर फायदाच ना?

जमीन समुद्रापेक्षा जास्त तापेल आणि किनाऱ्याचे वारे वाढतील असं बाकुन या संशोधकाने १९९० मध्ये मांडलं. सगळीकडे ते सारखं दिसलेलं नाही. आणि वारे वाढले तरी झूप्लँक्टनला पुरेल असं मला वाटत नाही, कारण टिकून राहायला लागणारं किमान अन्न तापमानासोबत वाढतं. वर दिलेल्या छोट्या कोपेपॉडचं पाणी १२ वरून १५ अंश झालं तर त्याच समीकरणाने श्वसन साधारण १५ टक्के वाढतं. दोन ब्लूममधला गॅप तेवढाच राहिला तरी साठवलेली चरबी आधी संपेल. शिवाय गरम पाण्यात प्राणी लहान आकारातच प्रौढ होतात, म्हणजे साठवायला जागाही कमी. खालचा ऑक्सिजन अजून घटला तर दिवसा खाली उतरून बचत करायचा रस्ताही अरुंद होतो.

कार्बन खोल समुद्रात जातो तो यांच्यामुळे का?

काही भाग नक्की. विष्ठेचे गोळे दाट असतात, क्रिलचे तर दिवसाला शेकडो मीटर बुडू शकतात. शिवाय रात्री वर खाल्लेलं दिवसा खाली जाऊन श्वसनात जातं, तो कार्बन डायऑक्साइड आणि अमोनियम खोल पाण्यातच सोडला जातो. अपवेलिंगच्या भागात त्यातला काही भाग पुढच्या वाऱ्याबरोबर परत वर येतो आणि डायटम तेच अमोनियम आणि त्यापासून बनलेलं नायट्रेट परत वापरतात.